चांगली रोमँटिक कॉमेडी ॲनिमे कशी ओळखावी

रोमँटिक कॉमेडी ॲनिमे म्हणजे दोन माणसांच्या प्रेमाची अशी गोष्ट, जिच्यात हसू बाहेरून आणून चिकटवलेले नसते. व्याख्या लहान आहे, पण चाळणी म्हणून पुरते. माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला. त्यात प्रेम आहे, हशाच्या जागाही आहेत. पण त्या जागा कापून टाकल्या तरी कथा उभी राहते. रोमँटिक कॉमेडीत हे जमत नाही. तिच्यातून विनोद काढला की प्रेमही हातचे जाते, कारण दोन्हींचा उगम पात्रांच्या एकाच स्वभावदोषात असतो. चांगली मालिका कोणती आणि नुसती गोड कोणती, हे ठरवताना आधी हा उगम शोधावा.

ॲनिमेमध्ये हा प्रकार मुख्यतः मालिकांच्या रूपात येतो. जपानी दूरचित्रवाणीवर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे चार हंगाम असतात आणि एका हंगामात साधारण बारा-तेरा भाग बसतात. एक भाग चोवीस मिनिटांच्या आसपास. त्यातली दीड मिनिटे सुरुवातीच्या गाण्याची आणि दीड शेवटच्याची. गाणी वगळली तर बारा भागांची मालिका सव्वाचार तासांत आटोपते. मुंबईत दिंडोशीच्या मेट्रो स्थानकावर गाडीत बसून गुंदवलीला उतरेपर्यंत एक भागही पुरा होत नाही, पण एखादा छोटा प्रसंग नक्की होतो. 'टीझिंग मास्टर ताकागी-सान' सारख्या मालिका तर अशाच छोट्या तुकड्यांत बांधलेल्या असतात. या मापाने लेखकावर दुहेरी जबाबदारी पडते. प्रत्येक भागाला स्वतःची गाठ आणि स्वतःचा हशा हवा, आणि तरीही शेवटी ते दोघे आदल्या भागापेक्षा तसूभर तरी जवळ किंवा लांब गेलेले हवेत. पडणाऱ्या मालिका बहुधा दुसऱ्या कामात पडतात.

अडथळा कुठून येतो

दोघे एकमेकांना आवडतात, मग गोष्ट पहिल्याच भागात का संपत नाही? प्रत्येक रोमँटिक कॉमेडीला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि मालिकेचा दर्जा या उत्तरावरच ठरतो. कच्चे उत्तर म्हणजे योगायोग. फोनवरचे बोलणे अर्धेच कानावर पडते, नायक दुसऱ्याच मुलीबरोबर दिसतो आणि ती त्याची बहीण निघते, कबुली देताना नेमकी आगगाडी धडधडत जाते. अशा गाठी एका सरळ वाक्याने सुटण्याजोग्या असतात. ते वाक्य कुणी बोलू नये एवढ्यासाठी लेखक धडपडत असतो, आणि तीन-चार भागांत प्रेक्षकाला त्याची धडपड दिसू लागते. पक्के उत्तर स्वभावात असते. ते वाक्य बोलायला कुणी अडवलेले नसते, तरी त्या माणसाच्या तोंडून ते निघत नाही.

'कागुया-सामा: लव्ह इज वॉर' ही २०१९ साली सुरू झालेली मालिका याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. आका आकासाका यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, ती ए-वन पिक्चर्सने केली. एका प्रतिष्ठित शाळेच्या विद्यार्थी मंडळात अध्यक्ष मियुकी शिरोगाने आणि उपाध्यक्ष कागुया शिनोमिया आहेत. तो गरिबाघरचा, अभ्यासाच्या बळावर वर आलेला. ती देशातल्या बड्या उद्योगघराण्यातली. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघांचाही ठाम समज आहे की जो आधी कबूल करेल तो हरला. सुरुवातीच्याच एका प्रसंगात शिरोगानेने स्वतः केलेला डबा आणलेला असतो. त्यात ऑक्टोपसच्या आकारात कापलेली छोटी सॉसेजेस असतात. कागुयासाठी घरून खास आचाऱ्याने रांधलेले जेवण येते, पण तिचा डोळा त्या साध्या डब्यावर असतो. एक घास मागायचा, एवढेच. ते तिला जमत नाही. ती टक लावून पाहत राहते आणि ही आपल्या गरिबीच्या जेवणाला नाक मुरडते आहे असे त्याला वाटते. तेवढ्यात त्यांची मैत्रीण चिका फुजिवारा येते, सरळ मागते, सरळ खाते आणि छान झालंय म्हणून सांगते. कागुया त्या मैत्रिणीकडे ज्या थंड तिरस्काराने पाहते, तिथे प्रेक्षक खदखदून हसतो. या प्रसंगात योगायोग जवळजवळ नाहीच. तिला मागू न देणारा जो अहंकार आहे, तोच हसवतो. आणि इतक्या अहंकाराला एका सॉसेजचा मोह पडावा यातच तिचे प्रेम किती खोल आहे ते कळते.

मराठीत हेच सूत्र सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) या चित्रपटात चोख बसले आहे. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते आणि दिवसभर एका पुणेकर मुलाबरोबर फिरते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांच्याच खांद्यांवर चित्रपट पेललेला आहे आणि संवाद बरेचसे दोन शहरांच्या भांडणाचे आहेत. मुंबईकराचा तोरा आणि पुणेकराचा ठसका हा मराठी माणसाला तोंडपाठ असलेला विनोद. पण इथे तो दोघांना एकमेकांपासून लांब ठेवणारी भिंतही होतो. एक सोडला तर दुसरा उरत नाही. ज्या मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट का आवडला ते सांगता येते, त्याला 'कागुया-सामा' समजायला जपानी शाळेची माहिती लागत नाही.

योगायोग सर्वस्वी वर्ज्य आहे असेही नाही. 'तोराडोरा!' (२००८-०९, २५ भाग) ही मालिका चक्क चुकीच्या दप्तरात पडलेल्या पत्राने सुरू होते. ताइगा आइसाका ही चणीने लहान आणि रागाने मोठी मुलगी. तिचे प्रेमपत्र चुकून र्‍यूजी ताकासुच्या दप्तरात जाते. र्‍यूजीचे डोळे गुंडासारखे दिसतात म्हणून वर्ग त्याला वचकून असतो. प्रत्यक्षात तो घर चकाचक ठेवणारा, स्वयंपाकात तरबेज मुलगा आहे. पत्र परत मिळवण्यासाठी ताइगा रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात घुसते, वार करता करता भुकेने कोसळते, आणि तो तिला फ्राइड राइस करून वाढतो. मग सांगतो की पाकिटात पत्रच नव्हते. ती पाकिटात पत्र घालायला विसरली होती. पत्र चुकीच्या ठिकाणी जाणे हा लेखकाने साधलेला योगायोग, पण रिकामे पाकीट हा ताइगाचा स्वभाव. दारातून आत येण्यापुरता योगायोग वापरला आणि घर स्वभावाने भरले. पुढे ती त्याच्या मित्राला आणि तो तिच्या मैत्रिणीला मिळवण्यासाठी एकमेकांना मदत करू लागतात, आणि ही मदत हीच त्यांची अडचण होऊन बसते.

गैरसमजाची गोष्टही अशीच तपासावी. 'किमी नी तोदोके' मध्ये सावाको कुरोनुमा ही मुलगी वर्गाला भुतासारखी वाटते आणि गैरसमजांची रांगच लागते. तरी ती मालिका कृत्रिम वाटत नाही, कारण आपण कुणाला आवडू शकतो यावर तिचाच विश्वास नाही. समोरच्याने सरळ सांगितले तरी ती त्याचा भलताच अर्थ लावेल. म्हणून कसोटी अशी ठेवावी: तिसरा भाग संपल्यावर या दोघांना कोण अडवते आहे ते एका वाक्यात सांगून पाहावे. त्या वाक्याचा कर्ता पात्रच असेल तर मालिका पुढे पाहावी. कर्ता पाऊस, फोन, पत्र किंवा दारात अवेळी टपकणारा धाकटा भाऊ असेल, तर उरलेल्या भागांत काय होणार ते आधीच कळल्यासारखे आहे.

हसवण्याची कारागिरी

ॲनिमेत विनोद दोन गोष्टींवर चालतो, चेहरा आणि थांबा. रेखाटलेल्या चेहऱ्याला हाडामांसाची मर्यादा नसते. लाजेने कान तांबडे होतात, डोळे दोन ठिपके होऊन बसतात, सगळे पात्र क्षणभर बाहुलीएवढे होते. हे सगळेच करतात. फरक पडतो तो ते कधी करायचे यात. ज्या मालिकेत प्रत्येक वाक्यावर चेहरा विस्कटतो तिथे पाचव्या मिनिटाला त्या विस्कटण्याची किंमत उरत नाही. 'ताकागी-सान' मध्ये ताकागी ही शाळकरी मुलगी निशिकाता या वर्गमित्राला सतत चिडवते. निशिकाताचा चेहरा सतत बदलतो, ताकागीचा मात्र जवळजवळ स्थिर असतो, आणि त्यामुळे तिच्या गालावर एखाद्या भागात हलकी लाली आली तर ती प्रेक्षकाला दिसते. बिचाऱ्या निशिकाताला दिसत नाही. ही मालिका शिन-एई ॲनिमेशनची, म्हणजे 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' करणाऱ्या कंपनीची. दुपारी शाळेतून आल्यावर त्या दोन मालिका हिंदीत पाहत जी मुले मुंबईच्या उपनगरांत वाढली, त्यांना ही चित्रशैली परकी वाटण्याचे कारण नाही.

थांबा त्याहून अवघड. संवाद संपल्यावर चित्र तसेच धरून ठेवायचे, बाहेर उन्हाळ्यातल्या किड्यांची किरकिर ऐकू येऊ द्यायची आणि मगच उत्तर द्यायचे. तो दीड-दोन सेकंदांचा अवकाश बरोबर साधला तर उत्तरात विनोद नसला तरी हसू येते. 'गेक्कान शोजो नोझाकी-कुन' (२०१४) चा पहिलाच प्रसंग पाहावा. चियो साकुरा धीर करून नोझाकीला आपले मन सांगायला जाते, घाबरून तोंडातून निघते की मी तुमची चाहती आहे. तो शांतपणे कागद घेऊन स्वाक्षरी करतो आणि तिच्या हातात ठेवतो. मुलींसाठीच्या प्रेमकथांचा तो प्रसिद्ध चित्रकार आहे हे तिला माहीत नसते. कागदावर पानेच्या पाने प्रेम रंगवणाऱ्या माणसाला समोरचे प्रेम ओळखता येत नाही, हा या मालिकेचा एकमेव आणि बारा भाग पुरणारा विनोद आहे. मूळ कथा चार चौकटींच्या छोट्या हास्यचित्रांत आलेली असल्याने तिची लयही तशीच आखूड आहे.

दोघांपैकी एकाने वेडेपणा करायचा आणि दुसऱ्याने तो जागच्या जागी पकडायचा, ही जपानी मंचावरच्या मान्झाई नावाच्या जोडविनोदाची रीत या सगळ्याच्या मुळाशी आहे. 'लव्हली कॉम्प्लेक्स' (२००७, २४ भाग) मध्ये ती उघडच आहे. रिसा कोइझुमीची उंची १७२ सेंटिमीटर, आत्सुशी ओतानीची १५६. वर्गात दोघांना एका खऱ्याखुऱ्या मान्झाई जोडीच्या नावाने हाक मारतात आणि दोघे ओसाकाच्या बोलीत भांडतात. तमाशाच्या बतावणीतील सोंगाड्या ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही सवाल-जवाबाची धाटणी ओळखीची वाटेल. उपशीर्षकांत ती बोली बहुतांश विरते, हा तोटा मान्य करूनच ही मालिका पाहावी लागते; आवाजाकडे कान ठेवला तर बराचसा भरून निघतो.

चिडवणे आणि छळणे यांतला फरकही इथेच पाहावा. ताकागी निशिकाताला रोज हरवते. तो हरला की स्वतःलाच शिक्षा म्हणून जोर काढतो आणि उद्या तिला चिडवण्याचे बेत आखतो. हा खेळ त्यालाही हवा आहे हे दिसत असते. 'डोन्ट टॉय विथ मी, मिस नागातोरो' (२०२१) च्या पहिल्या भागात मात्र नायकाला रडू येईपर्यंत छेडले जाते. पुढे ती मालिका बरीच सावरते, पण ज्यांना तो पहिला भाग सहन होत नाही त्यांचे काही चुकत नाही. जुन्या मालिकांत नायकाला ठोसा मारून भिंतीवर आदळण्याचा विनोद सर्रास असे. तो आज शिळा झाला आहे, आणि पहिल्या दिवशीही फारसा ताजा नसावा.

आजूबाजूची माणसे

चिका फुजिवारा नसती तर 'कागुया-सामा' दोन भागांत गुदमरली असती. दोन हुशार माणसे डावपेच रचत बसलेली असताना तिसरे कुणीतरी डाव न कळता पट उधळणारे लागते. चांगल्या मालिकेत बाजूच्या पात्रांना असे काम असते; वाईट मालिकेत ती फक्त नायकावर भाळण्यासाठी रांगेत उभी असतात. एका मुलाभोवती पाच-सहा मुली जमवणारा प्रकार लोकप्रिय आहे, पण त्यात सहसा नायकाला स्वभाव देण्याचे टाळले जाते, म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाला त्या जागी स्वतःला बसवता येते. स्वभाव नाही म्हटल्यावर अडथळाही नाही, आणि मग पुन्हा पाऊस आणि फोन यांची मदत घ्यावी लागते.

या बाबतीत रुमिको ताकाहाशी यांची 'मेझोन इक्कोकू' ही मालिका चाळीत वाढलेल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. मांगा १९८० ते १९८७ या काळात आला आणि ९६ भागांची ॲनिमे १९८६ ते १९८८ मध्ये. जुनाट लाकडी भाड्याचे घर. त्यात प्रवेशपरीक्षेत नापास झालेला युसाकू गोदाई, घराची व्यवस्था पाहायला आलेली तरुण विधवा क्योको, आणि गोदाईच्याच खोलीत रोज रात्री बाटल्या घेऊन मैफल जमवणारे शेजारी. शेजारच्या योत्सुयाने तर दोन खोल्यांमधली भिंतच फोडलेली आहे. परीक्षा उद्यावर आली तरी मैफल हलत नाही. क्योकोच्या कुत्र्याचे नाव सोइचिरो, म्हणजे तिच्या दिवंगत पतीचेच. पतीने आणलेला तो कुत्रा दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देत नाही. या एका नावावरून आधी गोंधळ होतो, हसू येते आणि नंतर त्याच हाकेने पोटात कालवते. विधवेचे पुन्हा प्रेमात पडणे हा विषय विनोदी मालिकेत इतक्या हळुवारपणे हाताळणे आजही क्वचितच जमते.

घरची माणसे हा मराठी दूरचित्रवाणीचा हातखंडा. २०१२ साली झी मराठीवर गाजलेल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' मध्ये घना आणि राधा यांचे लग्न मुळात कराराचे असते आणि घनाचे भरलेले कुटुंब ते खरे समजून आनंदात असते. नाटक वठवता वठवता नाटक उरत नाही, हे सूत्र २०२२ च्या 'स्पाय एक्स फॅमिली' त आहे: हेर, मारेकरीण आणि मन वाचणारी लहान मुलगी अशी तिघे सोयीसाठी कुटुंब मांडतात. दोन्हीकडे खोटेपणा टिकवण्याची कसरत हसवते आणि तीच कसरत माणसांना गुंतवते. 'स्पाय एक्स फॅमिली' त प्रेमाची बाजू संथ आहे. ज्यांना गुलाबी कबुली हवी आहे त्यांनी ती निवडू नये.

जागा

रोमँटिक कॉमेडीला जागा लागते, आणि ती जागा नेमकी लागते. 'ताकागी-सान' मधले रस्ते, मंदिराच्या पायऱ्या आणि समुद्र शोदोशिमा बेटावरचे आहेत, जिथे मूळ चित्रकार सोइचिरो यामामोतो वाढले. 'स्किप अँड लोफर' (२०२३) मध्ये मित्सुमी इशिकावा प्रांतातल्या लहान गावातून तोक्योला शिकायला येते आणि पहिल्याच दिवशी आगगाड्यांच्या जाळ्यात हरवते; गोरेगावला उतरायचे असताना विरार फास्ट पकडणाऱ्या नवख्याची गत याहून वेगळी नसते. वाट चुकलेली असताना तिला शिमा हा वर्गमित्र भेटतो. शहर एवढे मोठे नसते तर गोष्ट सुरूच झाली नसती.

ज्यांना अशी कथा स्वतः लिहायची किंवा रेखाटायची आहे त्यांनी यातून घ्यायचे ते हेच, की जागा स्वभावाला कामाला लावणारी हवी. दिंडोशीचेच उदाहरण घेता येईल. इथे १९७७ पासूनची चित्रनगरी आहे, जिच्यात सकाळचे इस्पितळ दुपारी पोलीस ठाणे होते. समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत आहे. नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा आहे, बेस्टचे आगार आहे, आणि राष्ट्रीय उद्यान लागून असल्याने अधूनमधून बिबट्याची वर्दीही असते. आता समजा, नायिका चित्रनगरीत कलाविभागात काम करते. दिवसभर खोट्या भिंती उभ्या करायच्या आणि संध्याकाळी पाडायच्या. नायक न्यायालयात लघुलेखक. ऐकलेला शब्द जसाच्या तसा उतरवायचा, एक मात्रा इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. तिला कुठलेही वाक्य उद्यापर्यंत टिकेल असे वाटत नाही, त्याला पुराव्याशिवाय कुठलेही वाक्य बोलवत नाही. ती सहज म्हणून आवडतोस म्हणते, तो ते तारीख-वेळेसह लिहून ठेवतो आणि महिनाभर विचार करतो. बसच्या रांगेत, सोसायटीच्या सभेत, गणपतीच्या मांडवात हा विनोद आपसूक चालत राहील. बिबट्या आला तरी तो कथेला अडवण्यासाठी नको, आला का नाही याची नायकाने खातरजमा करत बसण्यासाठी हवा. हीच जोडी कुठल्याही अनामिक शहरात नेली तर निम्मा हशा जागेवरच राहील.

ॲनिमेशनचे शिक्षण घ्यायला फार लांब जावे लागत नाही. चित्रनगरीतच व्हिसलिंग वुड्स आहे आणि पवईला आयआयटीचा आयडीसी हा अभिकल्प विभाग. मात्र तिथे पोचण्याआधी दोन पात्रांचा दोन पानी संवाद लिहून तो ओळखीच्या माणसांकडून मोठ्याने वाचून घेणे जास्त उपयोगाचे. कागदावर सुचलेला थांबा आवाजात टिकतो की नाही ते लगेच कळते.

कबुलीनंतर

पुष्कळ मालिका कबुलीपाशी थांबतात, कारण पुढे काय दाखवायचे ते ठरलेले नसते. म्हणून ज्या मालिका कबुली लवकर उरकतात त्या आत्मविश्वासाने लिहिलेल्या असतात असे समजायला हरकत नाही. 'माय लव्ह स्टोरी!!' (२०१५, २४ भाग) मध्ये धिप्पाड ताकेओ आणि नाजूक यामातो तिसऱ्या भागातच एकत्र येतात. तोवर तिला आपला देखणा मित्र आवडतो असे ताकेओ धरून चाललेला असतो. उरलेल्या भागांत फक्त दोन सरळ माणसांचा आनंद आहे, आणि तरी ते कंटाळवाणे होत नाही, कारण एवढ्या आनंदाचे करायचे काय हे दोघांनाही कळत नाही. 'वोताकोई' (२०१८, ११ भाग) कार्यालयातली. तिथे दोघे पहिल्याच भागात जोडी जमवतात आणि मग खरा प्रश्न सुरू होतो, की आपल्या छंदांत बुडालेल्या दोन माणसांनी एकमेकांसाठी वेळ कसा काढायचा. शाळेच्या गणवेशाला विटलेल्या नोकरदार प्रेक्षकाने इथून सुरुवात करावी. 'होरिमिया' (२०२१) चा आरंभ सुरेख आहे, पण मोठा मांगा तेरा भागांत कोंबल्यामुळे उत्तरार्ध धावतो; गाळलेले प्रसंग २०२३ मध्ये वेगळ्या मालिकेत आणावे लागले. 'मुंबई-पुणे-मुंबई' नेही २०१५ आणि २०१८ मध्ये लग्न आणि बाळंतपणापर्यंत मजल मारली, मात्र पहिल्या चित्रपटातल्या दोन शहरांच्या भांडणाची जागा पुढे दुसऱ्या कशाने भरली नाही.

कबुली न देता संपणारी एक मालिका मात्र या नियमाला पुरून उरते. रुमिको ताकाहाशी यांचीच 'उरुसेई यात्सुरा' १९८१ ते १९८६ अशी जवळजवळ दोनशे भाग चालली. परग्रहावरची लुम आतारूच्या मागे लागलेली, आणि आतारू अखेरपर्यंत प्रेमाचे ते वाक्य उच्चारत नाही. ते वाक्य टाळण्यासाठी तो जे जे करतो त्यातून सगळ्यांना, लुमलासुद्धा, उत्तर मिळते. अडथळा स्वभावात असेल तर तो न सुटताही गोष्ट पूर्ण होते.

निवडताना

बहुतेक मालिका मांगा चालू असतानाच तयार होतात आणि पुस्तकांचा खप वाढवणे हा त्यांचा एक हेतू असतो. त्यामुळे बारा भागांनंतर कथा अर्धवट सुटणे हा अपघात नसतो. शेवट पाहिल्याशिवाय चैन पडत नाही अशांनी आधी चौकशी करावी: 'तोराडोरा!' आणि 'मेझोन इक्कोकू' पूर्ण होतात. 'कागुया-सामा' तीन हंगाम आणि २०२२ चा चित्रपट मिळून समाधानकारक मुक्कामाला पोचते. 'नोझाकी-कुन' कुठेच पोचत नाही आणि तिला पोचायचेही नाही.

घरात सगळ्यांसमोर मोठ्या टीव्हीवर लावायची मालिका वेगळ्या निकषाने निवडावी. 'माय ड्रेस-अप डार्लिंग' (२०२२) चे मूळ फार चांगले आहे: पारंपरिक हिना बाहुल्या घडवणाऱ्या आजोबांचा नातू वर्गातल्या मुलीसाठी वेशभूषा शिवतो, आणि कारागिरीबद्दलचा त्याचा आदर हाच त्यांच्यातला धागा होतो. पण माप घेण्याच्या प्रसंगापासूनच शाळकरी पात्रांचे अंगप्रदर्शन सुरू होते. वयाची सूचना वाचून ठरवावे आणि लहान मुलांना ती देऊ नये. 'ताकागी-सान' मात्र आजी आणि नातू एकत्र पाहू शकतात.

उपशीर्षके की डबिंग, या वादात रोमँटिक कॉमेडीपुरते झुकते माप मूळ आवाजाला द्यावे; थांबा आणि श्वास हे त्यातले निम्मे विनोद असतात. वाचता वाचता चित्र निसटत असेल तर हिंदी डबिंगने सुरुवात करायला संकोच नको. अधिकृत ठिकाणी, म्हणजे क्रंचीरोल, नेटफ्लिक्स किंवा म्यूज एशियाच्या यूट्यूब वाहिनीवर, काय उपलब्ध आहे ते दर काही महिन्यांनी बदलते, तेव्हा वर्गणी भरण्याआधी हवे ते नाव तिथे शोधून घ्यावे.

अगदी नवख्याने 'कागुया-सामा' चे पहिले तीन भाग पाहावेत. निवेदकाचा आरडाओरडा सोसवला नाही तर 'ताकागी-सान' कडे वळावे. शाळाच नको असेल तर 'वोताकोई'. 'मेझोन इक्कोकू' शेवटी ठेवावी. रोज एक भाग धरला तरी तिला तीन महिन्यांहून अधिक लागतात, आणि शेजाऱ्यांची सवय व्हायला पहिले दहा भाग जातात.